तांदूळ आणि मातीची जड धातू टेस्ट: लॅब कशी वाटली
आमचा भात नवापूरकडे, घरचाच तांदूळ वर्षभर खातो, म्हणून यंदा माती आन तांदूळ दोन्ही एका प्रायव्हेट लॅबला आर्सेनिक, कॅडमियम, शिशासाठी दिले. मृदा आरोग्य पत्रिकेत हे येतच नाही भाऊ, तिथं नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, सामू अशा १२ गोष्टी असतात बस.

मशीन चांगलं आहे, आयसीपी-एमएस, म्हणजे धातूंचं अगदी बारीक प्रमाणही मोजणारं. सॅम्पल कसं घ्यायचं ते फोनवर नीट सांगितलं, गंजलेलं फावडं नको म्हणे. रिपोर्टही वेळेवर.

पण आर्सेनिकचा एकच आकडा दिला, एकूण! पॉलिश तांदळाची कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) ०.२ मिलीग्रॅम प्रति किलो ही मर्यादा असेंद्रिय आर्सेनिकची आहे, तेच जास्त विषारी, मग एकूण आकड्यावरून शेतकऱ्यानं काय समजायचं? कॅडमियमची मर्यादा ०.४, त्यात आमचा तांदूळ बसला, जीव भांड्यात पडला, कारण जपानच्या तोयामात कॅडमियमवाला भात खाऊन लोकांची हाडं पार ठिसूळ झाली होती.

सल्ला मात्र शून्य. खाचरात सतत पाणी तुंबलं की मातीतलं आर्सेनिक सुटं होऊन मुळांत शिरतं, आन पाणी काढून शेत सुकवलं तर उलट कॅडमियम जास्त उचललं जातं, म्हणजे पाण्याचं गणित दोन्ही आकडे बघूनच करावं लागतं, एवढं तरी सांगायला पाहिजे होतं ना.

५ पैकी ३ स्टार. सॅम्पल द्यायच्या आधीच विचारा असेंद्रिय आर्सेनिक वेगळं देता का, नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा.