टीएस-लोडर, आठ महिन्यांनंतर: ‘अनडिफाइन्ड’ नावाचा हमाल

माझ्या एका गिऱ्हाइकाचं कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे. तिथलं हिशेबाचं आणि पट्ट्या छापायचं सॉफ्टवेअर माझं. जानेवारीत, ऐन हंगामात, सकाळी पावणेसातला तिथल्या दिवाणजींचा फोन आला. “साहेब, ह्यो अनडिफाइन्ड कोण? आमच्या टोळीत ह्या नावाचा हमाल न्हाई.”

व्हॉट्सॅपवर पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदाचा, फोटो आला. रवे, वजन, दर, तोलाई सगळं जागच्या जागी आणि हमालीसमोर रकमेऐवजी इंग्रजीत ठसठशीत ‘अनडिफाइन्ड’. एकूण वजावट दुसऱ्या फंक्शनमधून येते, ती बरोबर होती, म्हणून निभावलं. तरी १९ पट्ट्या परत छापाव्या लागल्या, आणि तोवर काउंटरवर खोळंबलेल्या शेतकऱ्यांना दिवाणजींनी स्वतःच्या खिशातून चहा पाजला. ते पैसे ते अजून मला ऐकवतात.

‘अनडिफाइन्ड’ म्हणजे जावास्क्रिप्टच्या भाषेत ‘इथे किंमतच नाही’. कारण अगदी फुटकळ. आदल्या रात्री मी ‘हमाली’ या फील्डचं नाव बदलून ‘हमालीटोटल’ केलं होतं. टाइपमध्ये, म्हणजे कुठल्या नोंदीत कोणती फील्डं असतात त्या व्याख्येत, बदललं, हिशेबाच्या फाइलमध्ये बदललं, छपाईच्या फाइलमध्ये राहून गेलं. एडिटर लाल रेघ मारतो ती उघड्या फाइलला, आणि छपाईची फाइल मी महिनाभर उघडलीच नव्हती. बिल्ड केला, म्हणजे सगळा कोड एकत्र बांधला, हिरवी ओळ आली, सर्व्हरवर चढवला, झोपलो. अहो, जावास्क्रिप्टला टाइपची तपासणी जोडणारी टाइपस्क्रिप्ट घ्यायची ती नेमकी असल्या चुकांसाठी ना?

तर हा अनुभव त्या हिरव्या ओळीबद्दल आहे. वेबपॅक ५ (सगळ्या फाइलींचा ब्राउझरसाठी एक गठ्ठा, म्हणजे बंडल, बांधणारं साधन), टीएस-लोडर ९ (टाइपस्क्रिप्टचं जावास्क्रिप्ट करून वेबपॅकला देणारा दुवा), साधारण ४०० फाइली. लोडर कसा जोडायचा, टीएसकॉन्फिग (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगची फाइल) कुठे ठेवायची वगैरे इथे सांगत बसत नाही.

माझा लॅपटॉप २०१७ चा, ८ जीबी रॅमचा. चालतोय तोवर बदलायचा नाही, हे आमच्या घरचं धोरण आहे, फक्त लॅपटॉपपुरतं नाही. त्याच्यावर पहिला बिल्ड ५८ सेकंद घ्यायचा. त्यावर सगळीकडे एकच उतारा मिळतो: लोडरच्या ऑप्शन्समध्ये ‘ट्रान्सपाइलओन्ली’ ट्रू करा. केलं. ११ सेकंद! त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते आणि वर पेढेही वाटले असते.

या ऑप्शनमुळे लोडर प्रत्येक फाइल एकटी घेतो, टाइप सोलून टाकतो आणि उरलेलं जावास्क्रिप्ट वेबपॅकच्या हातात देतो. कंस राहिला असेल तर ओरडतो. पण या फाइलीतलं फील्ड त्या फाइलीत आहे का, हे बघतच नाही. लोडरच्या माहितीपानावर हे स्वच्छ लिहिलेलं आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. टाइप तपासून झालेल्या बिल्डनंतर टर्मिनलवर जी ‘कम्पाइल्ड सक्सेसफुली’ ओळ येते, अगदी तीच ओळ, त्याच हिरव्या रंगात, काहीही न तपासलेल्या बिल्डनंतरही येते. काट्यावर माल न चढवता वजनाची पावती फाडण्यातला प्रकार आहे हा. मला कळतं की ती ओळ वेबपॅक छापतो आणि लोडरने टाइप बघितले की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तरीसुद्धा लोडरने एक ओळ टाकायला काय जात होतं? ‘टाइप बघितलेले नाहीत’, बस. आठ महिन्यांत माझं यावरून जेवढं डोकं फिरलंय तेवढं बाकी सगळ्या गोष्टींवरून मिळून नाही फिरलं. बायको म्हणते, एका ओळीसाठी किती बोलशील. तिला ते १९ फोटो आले नव्हते.

त्या प्रकरणानंतर मी सरळ पुस्तकी मार्ग धरला, म्हणजे ट्रान्सपाइलओन्लीच्या जोडीला फोर्क-टीएस-चेकर प्लगिन. हा टाइपची तपासणी वेगळ्या प्रोसेसमध्ये करतो, त्यामुळे बंडल अडून राहत नाही. कल्पना झकास. वॉच मोडमध्ये (फाइल सेव्ह केली की आपोआप बिल्ड) पान आधी ताजं होतं आणि चुका मागाहून चालत येतात. त्याची सवय झाली. पण वेगळी प्रोसेस म्हणजे वेगळी मेमरीही. क्रोम, एडिटर (त्याचा स्वतःचा टाइपस्क्रिप्ट सर्व्हर असतोच), वेबपॅक आणि वर हा. दुपारी तीनच्या सुमारास लॅपटॉपचा पंखा असा घोंगावायचा की व्हिडिओ कॉलवर समोरच्याने विचारलं, मिक्सर चालू आहे का. मेमरीची मर्यादा उतरवून पाहिली, तर चेकर मध्येच मान टाकायचा.

रॅम वाढवायचं कोटेशन मागवलं. आकडा बघून ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि परत टीएसकॉन्फिग उघडली. कंजुषीतून माणूस माहितीपान शेवटपर्यंत वाचतो, हा एक फायदा आहेच.

इथे माझं मत फिरलं, तेही सांगतो. ५८ सेकंदांचं पाप मी इतके महिने लोडरच्या माथी मारत होतो. ते त्याचं नव्हतंच. टीएस-लोडर मुळात टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या स्वतःच्या कंपायलरच्या, कमांडसारखा वागतो. टीएसकॉन्फिगमधल्या ‘इन्क्लूड’मध्ये जे जे बसेल ते सगळं तो उचलतो, बंडलमध्ये लागो न लागो. माझ्या इन्क्लूडमध्ये अख्खा फोल्डर होता. त्यात टेस्ट, जुन्या डेटाच्या स्क्रिप्ट आणि दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेली एक आवृत्ती, सगळं आलं. ‘ओन्लीकम्पाइलबंडल्डफाइल्स’ (फक्त बंडलमध्ये लागणाऱ्या फाइली घे) लावलं आणि ‘स्किपलिबचेक’ (लायब्ररींच्या टाइपच्या फाइली तपासू नको) चालू केलं, तर पूर्ण तपासणीसकट बिल्ड २६ सेकंदांवर आला. म्हणजे ट्रान्सपाइलओन्लीची एवढी निकड मुळात नव्हतीच. हे जानेवारीच्या आधी कळलं असतं तर चहाचे पैसे वाचले असते.

तरी ११ सेकंदांची चटक सुटेना. मग तडजोड केली: दिवसभर ट्रान्सपाइलओन्ली, चेकर प्लगिन काढून टाकला, आणि गिटवर कोड पुश करण्याआधी आपोआप चालणाऱ्या हुकमध्ये टीएससी, ‘नोएमिट’सह (नुसतं तपास, फाइल लिहू नको). जोडीला ‘इन्क्रिमेंटल’ (मागच्या तपासणीची नोंद ठेव). नोएमिट आणि इन्क्रिमेंटल हे दोन्ही एकत्र चालतात ते टाइपस्क्रिप्ट ४.० पासून, त्याआधीची आवृत्ती असेल तर नाद सोडा. पहिल्या वेळी हुक पूर्ण वेळ खातो, नंतर फक्त बदललेल्या भागापुरता. माझ्याकडे बहुतेक वेळा सात-आठ सेकंद.

यात एकदा तोंडावर पडलो. शहाणपणा करून नोएमिट टीएसकॉन्फिगमध्येच लिहिलं. तीच फाइल लोडरही वाचतो, त्यामुळे पूर्ण तपासणीच्या बिल्डमध्ये लोडर म्हणाला की टाइपस्क्रिप्टने काहीच आउटपुट दिलं नाही. त्याचं बरोबरच आहे, मीच नको म्हणून सांगितलं होतं. नोएमिट कमांडवरच द्या.

हुकच्या पहिल्याच धावेत ६१ चुका निघाल्या. त्यातली एक अर्थातच नसत्या फील्डबद्दलची २३३९ नंबरची होती, जुन्या पावतीच्या फाइलमध्ये, तीच हमाली. आणखी एक जुनं कोडंही सुटलं. ट्रान्सपाइलओन्ली लावल्यापासून ‘अमुक एक्सपोर्ट सापडला नाही’ अशा पिवळ्या सूचना यायच्या आणि मी त्या पावसाळ्यातल्या बेडकांसारख्या कानाआड करायचो. एका फाइलमधून टाइप आणून तो पुढे एक्सपोर्ट केला, की एकट्या फाइलीकडे बघणाऱ्याला तो टाइप आहे की खरी किंमत हे कळायला मार्ग नसतो. ‘आयसोलेटेडमोड्यूल्स’ (प्रत्येक फाइल एकटी वाचून समजायला हवी, हा नियम) चालू केल्यावर टीएससी अशी प्रत्येक जागा १२०५ नंबरने दाखवतो. तिथे ‘एक्सपोर्ट टाइप’ लिहायचं. ही सोय ३.८ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. एका संध्याकाळचं काम.

आता सुखद धक्का, कारण नुसतं रडगाणं बरं नाही. अहवालाचं पान आलेखांच्या लायब्ररीमुळे जड आहे, म्हणून मी ते डायनॅमिक इम्पोर्टने, म्हणजे लागेल तेव्हाच, वेगळं मागवत होतो. निदान तशी माझी समजूत होती. डिस्टमध्ये (तयार बिल्डच्या फोल्डरमध्ये) मात्र एकच गलेलठ्ठ फाइल, २.१ एमबी. टीएसकॉन्फिगमध्ये ‘मोड्यूल’ होतं कॉमनजेएस (‘रिक्वायर’ने फाइली जोडायची जुनी पद्धत). म्हणजे वेबपॅकच्या हातात पडायच्या आधीच टाइपस्क्रिप्ट त्या इम्पोर्टचं रिक्वायर करून टाकत होतं. वेबपॅकला तोडायला जागाच उरत नव्हती. तिथे ‘ईएसनेक्स्ट’ (इम्पोर्ट तसाच ठेवणारी नवी पद्धत) लिहिलं आणि सेव्ह करताच ‘मोड्यूल सापडत नाही’ अशा १४३ चुकांचा पाऊस पडला. घाबरू नका. ‘मोड्यूलरिझॉल्युशन’ (मोड्यूल कुठे शोधायचं ते) लिहिलेलं नसलं की आमच्या आवृत्तीत ते जुन्यापुराण्या ‘क्लासिक’ पद्धतीवर जातं. तिथे ‘नोड’ लिहिलं आणि पाऊस थांबला. पहिल्यांदा उतरणारी फाइल ७४० केबी झाली. यार्डातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलचं नेटवर्क कसं असतं ते तिथे उभं राहिलेल्यालाच ठाऊक. दिवाणजी स्वतःहून म्हणाले, “आता बरं पळतंय.” त्या माणसाकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

‘वीट (Vite) वर जा, ईएसबिल्ड वापर’ अशी दुसरी बिल्डची साधनं सुचवणारे भेटतातच. वेग आहे, मान्य. पण टाइप तेही तपासत नाहीत, नुसते सोलतात, आणि तसं सांगतातही. म्हणजे भोक तेच, फक्त त्यातून वेगाने पडायचं. मी वाट बघतोय ती दुसऱ्याच गोष्टीची. २०२५ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो भाषेत नेत असल्याचं जाहीर केलं, वेग दहा पटींच्या घरात. ते माझ्या लॅपटॉपवर धडपणे चालू लागलं की ट्रान्सपाइलओन्लीला नारळ देणार. रॅमचं कोटेशन तोवर ड्रॉवरमध्येच.

तारे द्यायचे तर चार. पाचवा कापला तो त्या हिरव्या ओळीपायी. तिचा बंदोबस्त मी स्वतःच केला. बिल्डच्या स्क्रिप्टच्या शेवटी एक ईको (ओळ छापणारी कमांड) जोडलाय, लाल अक्षरात. बिल्ड संपला की वर वेबपॅकची ओळ येते आणि तिच्याखाली माझी: “टाइप बघितलेले नाहीत. हमाल मोजून घ्या.”