इंजिनच्या ‘चिप’मध्ये माझे 1,50,900 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

सरळ आकडे सांगतो. चिप, म्हणजे ताकद आणि ॲव्हरेज वाढेल म्हणून ट्रकच्या इंजिनला लावलेला डबा, 14,500. ‘सिंक’ 6,800. ‘प्रीमियम फाइल’ 11,200. त्यानंतर इंजेक्टर, वायरिंग, क्रेन सगळं धरून 1,18,400. एकूण 1,50,900 रुपये. गाडी अकरा दिवस उभी राहिली ते वेगळं. हप्ता 38,750 चा आहे आणि गाडी उभी आहे म्हणून बँक थांबत नाही. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. लिहिताना लाज वाटतेय, पण ही चिप विकणारा माणूस अजून सांगली, तासगाव, विटा भागात गाड्यांना डबे बसवत फिरतोय, म्हणून लिहिणं भाग आहे.

एकोणीस वर्षं स्टेअरिंगवर आहे. एकच ट्रक, बीएस 6 (नव्या प्रदूषण नियमांचा), स्वतः चालवतो. तासगावचा बेदाणा वाशीला न्यायचा आणि येताना मिळेल ते भरून आणायचं. नोझल म्हणजे काय, पंप म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. बीएस 3 च्या गाडीचं अर्धं इंजिन मी रस्त्यावर स्वतः उघडलंय. पण या नव्या गाड्यांत सगळा कारभार ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हातात, आणि तिथे आपण आंधळे. त्या आंधळेपणावरच या लोकांचं पोट चालतं.

तो मला मार्केट यार्डाच्या बाहेर भेटला. माझ्या मावसभावाने नेलं. (मावसभावाला त्यात 1,000 रुपये मिळाले हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.) चिपवाला म्हणाला, “मालक, कंपनी इंजिनचा गळा आवळून गाडी विकते. तेच इंजिन एका गाडीत कमी हॉर्सपॉवरला, दुसरीत जास्तीला. फरक फक्त कॉम्प्युटरमधल्या फाइलचा.” हे खोटं नाही. एकच इंजिन वेगवेगळ्या ताकदीत विकतात आणि फरक बऱ्याचदा सॉफ्टवेअरचाच असतो. शंभरातली साठ वाक्यं खरी बोलायची आणि उरलेल्या चाळिसात पैसे काढायचे, हे त्याला पक्कं जमतं. तांत्रिक माहिती आहे म्हणून माणूस प्रामाणिक आहे, असं धरून चाललो.

5,000 आगाऊ, 9,500 बसवल्यावर. पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर ‘इलेक्ट्रिक काम’ लिहून दिलं. ज्या पावतीवर वस्तूचं नाव नाही ती पावती घेऊ नका. तक्रार द्यायला गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

बसवायला वीस मिनिटं लागली. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, निळा दिवा, रेल (इंजेक्टरना दाबाने डिझेल देणारी नळी) प्रेशर सेन्सरच्या कनेक्टरमध्ये अडकवलेला. पिकअप खरंच वाढला. खंबाटकीला पुण्याकडून चढताना जिथे दुसरा गिअर लागायचा तिथे तिसऱ्यात गाडी ओढू लागली. आणि डॅशबोर्डवर ॲव्हरेज 4.4 वरून 5.2. मी त्या काचेचा फोटो काढून चार जणांना पाठवला. त्यातल्या दोघांनी नंतर तोच डबा बसवला. त्यांच्यापुढे आज मला तोंड वर करता येत नाही.

आता हे नीट वाचा. तासगाव ते वाशी आणि परत, त्या फेरीला मीटरवर 712 किलोमीटर झाले. टाकी फुल करून निघालो होतो, परत येऊन फुल केली तेव्हा 169 लिटर बसलं. 712 भागिले 169 म्हणजे 4.2. काचेवर 5.2. काच खरी असती तर 137 लिटर लागलं असतं. बत्तीस लिटरचा फरक, आणि डिझेलची चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात. चिप नसताना 4.4 होतं, म्हणजे चिपने उलट जास्त प्यायलं. मी ती चिठ्ठी बघितली, घडी घातली आणि हिशोबाच्या वहीत ठेवली. भागाकार केला नाही. वीस सेकंदांचा भागाकार.

असं का होतं ते नंतर कळलं. तो डबा ईसीएममध्ये काहीच लिहीत नाही. रेलमध्ये दाब किती आहे हे सेन्सर व्होल्टेजमध्ये सांगतो. डबा तो आकडा मध्येच कमी करतो. ईसीएमला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो पंपाकडून जास्त दाब मागतो आणि प्रत्येक इंजेक्शनला डिझेल जास्त जातं. पण ईसीएमच्या हिशोबात दाब नेहमीचाच असतो, म्हणून खरं गेलेल्यापेक्षा कमी डिझेल धरलं जातं. काचेवरचं ॲव्हरेज त्याच हिशोबातून येतं. म्हणजे ज्या आकड्याकडे बघून आपण खूश होतो तो आकडाच डब्याने बिघडवलेला असतो. ॲव्हरेज मोजायचं तर टाकी फुल ते टाकी फुल, पंपाच्या चिठ्ठीवर. तीन फेऱ्या. दुसरं काही धरू नका.

दोन महिन्यांनी सर्व्हिसला गाडी लावली. शोरूममध्ये म्हणाले, कंपनीचं नवीन सॉफ्टवेअर आलंय, टाकून देतो. टाकलं. (त्याचे पैसे घेतले नाहीत. पण जॉब कार्डवर जुना नंबर, नवा नंबर काही लिहिलं नाही, मीही मागितलं नाही. तुम्ही मागा. अपडेट झालं की आधीचा आणि नंतरचा सॉफ्टवेअर नंबर जॉब कार्डवर लिहून घ्यायचाच.) डबा मी सर्व्हिसच्या आदल्या दिवशी काढून ठेवला होता, तो परत लावला. कराडपर्यंत ठीक. पुढे इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने ताकद सोडली. चाळीसच्या वर जाईना.

चिपवाल्याला फोन केला. म्हणाला, “मालक, अपडेटनं चिप लॉक केली. कंपनीवाले मुद्दाम करतात. सिंक करावं लागतंय. 6,800.”

इथे थांबायला हवं होतं. खरं मॅपिंग (इंजिनची ताकद बदलणं) करतात ते ईसीएमच्या फाइलमध्ये. शोरूमने अपडेट टाकलं की ती फाइल पुसली जाते, ते समजू शकतं. पण माझा डबा वायरीत होता. अपडेट त्याला लॉक करणार कसं? ज्याला मेंदूत काही लिहायचंच नाही त्याचं मेंदूत काय पुसणार? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. गाडीत माल होता, व्यापाऱ्याचे फोन येत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं.

आणि जे रात्री अजून झोपू देत नाही ते हे. कुपवाड रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये त्याने लॅपटॉप उघडला, फूटबोर्डवर ठेवला, वायर लावली. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकू लागली. 10 टक्के, 35 टक्के, 70 टक्के. “हात लावू नका मालक, मध्येच बंद पडलं तर ईसीएम जाईल.” मी श्वास रोखून बघत उभा. पट्टी 100 वर गेली, खाली ‘सक्सेसफुल’ आलं. मी 6,800 पाठवले. मग गाडी काढायला किल्ली शोधू लागलो तर किल्ली माझ्या खिशात. जोतिबाच्या लॉकेटसकट. अर्धा तास ती खिशातच होती. इग्निशन चालू नसताना ईसीएम लॅपटॉपशी बोलत नाही. शोरूममधलं साधं पोरगंसुद्धा आधी किल्ली फिरवतं आणि मग स्कॅनर लावतं. हे मला माहीत होतं! पाच वेळा डोळ्यांनी बघितलंय. किल्ली हातात घेऊन मी क्षणभर थांबलोसुद्धा. काहीतरी चुकतंय असं वाटलं. आणि “झालं असेल वायरलेस” असं मनाशी म्हणून गाडीत चढलो.

दिवा मात्र गेला होता, म्हणून विश्वास बसला. त्याने काय केलं होतं, तर डब्यावरचा एक छोटा स्क्रू फिरवून परिणाम कमी केला होता. बारा दिवसांनी पिकअप नाही म्हणून मीच फोन केला, तेव्हा ‘प्रीमियम फाइल’चे 11,200 घेतले आणि स्क्रू परत फिरवला. हे पैसे का दिले असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की 21,300 गेले की माणूस 11,200 अजून देतो, कारण आधीचे वाया गेले असं त्याला मान्य करायचं नसतं.

मग शिरवळ सोडून खंडाळ्याच्या पुढे घाट लागला, सोळा टन माल, आणि इंजिनने ठोका धरला. मागे काळा धूर. गाडी डावीकडे घेतली, चाकांना दगड लावले, रात्रीचे पावणेदोन. क्रेन सकाळी आली.

शोरूममध्ये स्कॅनर लावला. एसपीएन 157, रेल प्रेशरचा कोड, एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि प्रत्येक वेळचं किलोमीटर रीडिंगसकट. मेकॅनिकने कनेक्टरचं तुटलेलं लॉक दाखवलं. डबा मी घाटातच काढून सीटखाली टाकला होता, उपयोग झाला नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नव्या सॉफ्टवेअरमध्ये पंपाला किती मागितलं आणि सेन्सरने किती सांगितलं याचा मेळ घालून बघतात, त्यामुळे जुन्यात लपलेलं नव्यात पकडलं जातं. वॉरंटी दोन वर्षं शिल्लक होती. नाकारली. मी भांडलो, आरडाओरडा केला, पण त्यांचं चुकीचं होतं असं आज म्हणणार नाही. डबा काढून सर्व्हिसला नेलं की कळत नाही, हा गैरसमज सोडा. ईसीएम सगळं लिहून ठेवतो.

पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. त्याने डबा फोडला. आत तीन-चार रेझिस्टर, एक फिरवायचा पितळी स्क्रू, एक दिवा, आणि एक आयसी, जिच्यावरची अक्षरं खरवडलेली. ती आयसी फक्त दिवा लुकलुकवत होती. पोरगं म्हणालं, “काका, सगळं मिळून दोनशेचं सामान नाही.” लॅपटॉपची वायर जोडायची तर डब्याला सॉकेटच नव्हतं.

आता तक्रारीचं. ठाणं कुठलं, कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, पण झालं ते लिहितो. पहिल्या दिवशी दोन तास बाकावर. साहेब म्हणाले, “वस्तू मिळाली ना? पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे.” दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा दुसरे साहेब, पहिल्यापासून सगळी कथा. चौथ्यांदा ते म्हणाले, “गाडीत बदल केलाय तुम्ही. आधी तुमच्यावरच केस होईल.” हे ऐकून मी घरी आलो आणि आठ दिवस गप्प बसलो. मोटार वाहन कायद्याचं कलम 182 अ खरंच आहे, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पण माझा गुन्हा पाच हजाराचा असेल तर माझ्याकडून मी भरतो! त्यासाठी त्याचा गुन्हा माफ होतो का? चिपवाल्याचं सगळं संरक्षण हेच आहे. गिऱ्हाईक भीतीपोटी आणि लाजेपोटी बोलणार नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि आपले अधिकारी त्याचंच काम सोपं करून देतात.

सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर समोरासमोर बसून पैसे पाठवलेत म्हणून ही ऑनलाइन फसवणूक नाही. दुसऱ्या एका टेबलावर सांगितलं, ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. आणि हे चूक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 2 (7) मध्ये स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या रोजगारासाठी, स्वतःच्या पोटापाण्यासाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत येत नाही. एक गाडी आणि स्वतः ड्रायव्हर, म्हणजे आपण त्यात बसतो. हे मला एका ओळखीच्या वकिलांनी फुकट सांगितलं, आणि ज्या माणसाचा ते सांगण्याचाच पगार आहे त्याने मला परत पाठवलं. याचा राग चिपवाल्यापेक्षाही जास्त येतो.

पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर माहिती मिळते. पोलिसांनी घेतलं नाही तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, पोहोच ठेवा. आणि 420 म्हणू नका, 1 जुलै 2024 पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. चुकीचं कलम म्हटलं की तुम्हाला काही कळत नाही असं समोरचा धरतो.

ज्यांच्या गाडीत असा डबा आहे त्यांनी तो आज काढा, पण फेकू नका आणि फोडूही नका, आम्ही फोडला ती चूक झाली. वकील म्हणाले, अख्खा असता तर पुरावा भक्कम झाला असता. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोनवर गोड बोलून त्याच्याकडून ‘सिंक’ शब्द लिहून घ्या, मेसेजमध्ये. माझ्याकडे तसा एकच मेसेज आहे: “मालक सिंक झालं, आता टेन्शन नाही.”

पोलीस अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची पोहोच आली आहे. ग्राहक आयोगाची तक्रार सोमवारी दाखल करायची. फुटलेला डबा, ‘इलेक्ट्रिक काम’ची चिठ्ठी, शोरूमचं बिल आणि डिझेलच्या अकरा चिठ्ठ्या एका पिशवीत भरून ठेवल्यात. या वेळी सगळ्या चिठ्ठ्यांचा भागाकार मागच्या बाजूला पेनने करून ठेवलाय.