आई-अप्पांचा अमेरिकेचा व्हिसा, एजंट सोडून घरी केलेली तयारी: सव्वा वर्षानंतरचा अनुभव

आई-अप्पा संक्रांतीच्या चार दिवस आधी परत आले, आता कोरेगावला घरी आहेत, म्हणून निवांत लिहायला बसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या व्हिसाचं सगळं मी स्वतःच्या हातात घेतलं. फॉर्म, बायोमेट्रिक, इंटरव्ह्यू आणि मग ऑगस्ट २०२५ ते जानेवारी २०२६ प्रत्यक्ष जाऊन येणं, एवढं सगळं झाल्यावर लिहितेय, म्हणजे हा नुसता व्हिसा मिळाल्याच्या दिवशीचा आनंद नाही.

आधी मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीला असते, एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. सप्टेंबर २०२४ ला तिचं पहिलं बाळंतपण होतं. आई-अप्पांना बी१/बी२ व्हिसा, म्हणजे थोड्या दिवसांसाठी भेटीला जायचा व्हिसा हवा होता आणि आम्ही साताऱ्यातल्या एका एजंटला काम दिलं, कारण सगळेच देतात. त्याने कागद घेतले, फोटो घेतले, फॉर्म भरला, आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी हातात प्रिंट ठेवली ती फक्त कन्फर्मेशन पेजची. आत काय भरलंय ते आमच्यापैकी कोणीच वाचलं नव्हतं. जुलैमध्ये मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूच्या खिडकीवर अप्पांना विचारलं कोणाकडे जाताय, अप्पा म्हणाले मुलीकडे, समोरच्याने कॉम्प्युटरकडे बघितलं, परत अप्पांकडे बघितलं, अजून एक-दोन प्रश्न आणि २१४(बी) लिहिलेला छापील कागद हातात, म्हणजे त्या कलमाखाली व्हिसा नाकारला. नंतर मी त्या एजंटच्या मागे लागून पूर्ण फॉर्मची कॉपी काढून घेतली तेव्हा दिसलं की 'अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का' याला त्याने 'नाही' असं उत्तर दिलंय, आणि खाली खर्च कोण करणार तिथे मात्र बहिणीचं नाव, नातं मुलगी! विचारलं तर म्हणाला की मुलगी तिकडे आहे म्हटलं की रिजेक्ट करतात. अप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तर होते, आयुष्यात खोटा दाखला कोणाला दिला नाही, आणि त्यांच्या नावावर हे. बहिणीने बाळंतपण एकटीने काढलं, आईने नातीला पहिल्यांदा मोबाईलवर बघितलं. ते मी अजून विसरले नाहीये.

म्हणून माझं सगळ्यात ठाम मत हे की खरा इंटरव्ह्यू खिडकीवर नसतो, डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये असतो. तुमच्या आई-वडिलांना शेजारी बसवूनच तो फॉर्म भरा. त्यांच्या वतीने नाही, त्यांच्यासोबत. आम्ही चार रविवार घेतले, मी पुण्याहून जायचे, जेवणं झाली की लॅपटॉप उघडायचा. फॉर्म साधारण २० मिनिटं हात लावला नाही तर बंद पडतो, म्हणून दर पानाला सेव्ह करायचं, आणि अगदी सुरुवातीला मिळणारा अ‍ॅप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेवायचा, नाहीतर परत पहिल्यापासून. अर्धवट फॉर्म ३० दिवस राहतो.

आईचा फॉर्म अप्पांपेक्षा दुप्पट वेळ घेतो हे आधीच धरून चाला. आईचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात नाव बदललेलं, आणि फॉर्म विचारतो की कधी दुसरं नाव होतं का. एजंटने इथेही 'नाही' असंच भरलं होतं. मी आईला विचारलं तेव्हा ती क्षणभर गप्प बसली आणि मग म्हणाली, लिही, कुसुम. त्या नावाने तिला बावन्न वर्षांत बहुतेक कोणी हाक मारली नसेल. मग तिच्या आई-वडिलांच्या जन्मतारखा. आजीची जन्मतारीख कोणाला माहीत असणार, आईला एवढंच माहिती की भुईमूग काढायच्या दिवसात झाली. तिथे 'माहीत नाही' असा चौकोन आहे, तो टिक करायचा, मनाने काहीतरी तारीख टाकायची नाही. अप्पांची स्वतःची तारीख १ जून, त्यांच्या पिढीत गावाकडे निम्म्या लोकांची शाळेत घातली तेव्हाची तीच असते, पण पासपोर्टवर तीच आहे तर फॉर्ममध्येही तीच.

पुढे एक प्रश्न येतो क्लॅन किंवा ट्राइबचा. अप्पा लगेच कुळ, देवक सांगायला लागले, मी टाईप पण करायला घेतलं होतं. मग लक्षात आलं की विचारणारा आपल्या लग्नाच्या बोलणीतलं कुळ विचारत नाहीये, आम्ही 'नाही' असं उत्तर दिलं. सिक्युरिटीच्या पानावर अतिरेकी कारवाया, माणसांची तस्करी वगैरे विचारतात, आईला ते वाचून दाखवल्यावर वाईट वाटलं, की आपल्याला असं का विचारतात. तिला सांगितलं की हे सगळ्यांना विचारतात, तुलाच नाही. मागच्या पाच वर्षांतले सोशल मीडियाचे अकाउंट पण लिहायचे असतात, अप्पांचं फेसबुक आहे, लिहिलं.

आधी कधी व्हिसा नाकारलाय का, इथे हो. आणि खालच्या रकान्यात सरळ लिहिलं की जुलै २०२४, मुंबई, २१४(बी), आणि तेव्हाच्या फॉर्ममध्ये मुलीची माहिती चुकीची भरली गेली होती. आमच्या दोन ओळखीच्यांनी सांगितलं की कशाला स्वतःहून उकरून काढता. पण त्यांच्याकडे सगळं रेकॉर्ड असतंच, लपवून काय मिळणार? शेवटच्या पानावर फॉर्म भरायला कोणी मदत केली का तेही असतं, तिथे मी माझं नाव दिलं. आणि सही म्हणून जे बटण दाबायचं ते अप्पांनी अप्पांचं दाबलं, आईने आईचं, नियमच तसा आहे की दुसऱ्याने भरला तरी सही अर्जदाराचीच.

फोटोचं थोडक्यात, २ बाय २ इंच, पांढरं बॅकग्राऊंड, चष्मा काढून, सहा महिन्यांच्या आतला. आईने सवयीने डोक्यावर पदर घेतला होता तो खाली घ्यायला लागला. फोटोवाल्याला आधीच सांगा की चेहरा गुळगुळीत करू नको.

आमच्या वेळी फी माणशी १८५ डॉलर होती, म्हणजे दोघांचे ३७०, आणि रिजेक्ट झालं की ते गेले, दुसऱ्या वेळी परत पूर्ण भरावे लागतात. आम्हाला मे २०२५ ची तारीख मिळाली. १ जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलता येते, दुसऱ्यांदा बदलायची तर नवीन फी, त्यामुळे जी तारीख घ्याल ती घरातली लग्नकार्यं बघून घ्या. आणि अपॉइंटमेंट बुक करताना टाकलेला डीएस-१६० चा नंबर आणि हातातल्या प्रिंटवरचा नंबर एकच पाहिजे, मध्येच चूक सापडली म्हणून नवीन फॉर्म भरलात तर तिकडे पण नंबर बदला.

आता मी कुठे चुकले ते. मी सुरुवातीला अप्पांकडून इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली. यूट्यूबवर बघून पंचवीस-तीस प्रश्न काढले, आणि अप्पा तपासणीला साहेब आल्यासारखे ताठ बसून उत्तरं द्यायचे, एक शब्द विसरला की पुढचं सगळं जायचं. आई तर बोलायचीच नाही. दीड महिना आम्ही यात घालवला. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मराठीत इंटरव्ह्यू देता येतो हे मला माहीत होतं, पण मनात कुठेतरी होतं की इंग्रजीत दिला तर बरं दिसेल. ते डोक्यातून काढून टाका. मग मी पाठांतर बंद केलं. आई मटार सोलत असायची तेव्हा सहज विचारायचे, ताई काय काम करते गं तिकडे? (आम्ही धाकटीलाच ताई म्हणतो.) आई म्हणायची कंपनीत आहे. कसल्या कंपनीत? ते तिला माहीत नव्हतं. मग रात्री व्हिडिओ कॉलवर बहिणीनेच तिला समजावून सांगितलं की औषधं बाजारात यायच्या आधी त्याच्या चाचण्यांची जी माहिती येते ती मी तपासते. त्यानंतर आईला कोणी विचारलं तर ती स्वतःच्या शब्दांत नीट सांगायची, आणि खरं म्हणजे तिला ते सांगायला आवडायला लागलं.

बोटांचं कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. दहाही बोटांचे ठसे घेतात, आधी एका हाताची चार, मग दुसऱ्याची, मग दोन्ही अंगठे. आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर सुद्धा एका वेळेत उठत नाही, भांगलणी, भांडी, चुलीची राख, बोटांच्या टोकावरच्या रेषा पार झिजल्यात आणि उजव्या तर्जनीला भेग. आम्ही महिनाभर आधीपासून रोज रात्री व्हॅसलीन लावून जुने सुती मोजे हातात घालायला लावले, शेवटचा आठवडा भांडी मी आणि वहिनीने घासली. मेंदी अजिबात नाही, घरात लग्न होतं तरी. बायोमेट्रिकला तरी तीनदा दाबायला लागलं, तिथल्या मुलीने आईची बोटं स्वतःच्या हाताने काचेवर धरली, पण आले ठसे.

बायोमेट्रिक आणि इंटरव्ह्यू वेगळ्या दिवशी असतात, दोन्ही बीकेसीलाच. आम्ही दोन रात्री मामांकडे कुर्ल्याला राहिलो, तिथून रिक्षाने जवळ. मोबाईल आत चालत नाही, स्मार्टवॉच पण नाही, म्हणून दोघांचे फोन माझ्या पर्समध्ये आणि मी बाहेर फुटपाथवर. आईला एवढंच सांगितलं होतं की जे विचारतील तेवढंच, आणि नाही कळलं तर परत विचार.

पावणेदोन तासांनी बाहेर आले. अप्पांनी सांगितलं की मराठीत बोलायचंय म्हटल्यावर लगेच मराठीत विचारलं. कोणाकडे, किती दिवस, मागच्या वेळी काय झालं, पेन्शन किती. मागच्या वेळेचं अप्पांनी जसं होतं तसं सांगितलं. मग आईला विचारलं परत कधी येणार. आई म्हणाली, संक्रांतीच्या आत, सुगडं माझ्याच हातची पुजायची असतात. पासपोर्ट ठेवून घेतले. आठवड्याभरात व्हिसा छापून आला, दहा वर्षांचा, मल्टिपल एन्ट्री. हातात आला की नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तिथल्या तिथे तपासा.

वीस कप्प्यांची फाईल केली होती मी. सातबारा, एफडी, पेन्शनचे कागद, बहिणीचं पत्र, तिच्या पगाराच्या स्लिपा, सीएकडून मालमत्तेचं सर्टिफिकेट. कोणी उघडायला सांगितली नाही. सीएचे पैसे वाचवता आले असते असं आता वाटतं, बाकीचे कागद मात्र मी परत नेईन, विचारले तर हवेत.

वापरातला अनुभव म्हणाल तर हीच तयारी विमानतळावर परत उपयोगी पडली. तिकडे उतरल्यावर तेच प्रश्न, कोणाकडे, किती दिवस. व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे तेवढं राहता येतं असा आमच्याकडे बऱ्याच जणांचा समज आहे, तसं नाही, राहायची मुदत तिथे उतरल्यावर अधिकारी ठरवतो आणि ती आय-९४ वर, म्हणजे तिथे प्रवेश केल्याच्या नोंदीवर येते, बहिणीने त्याच दिवशी ऑनलाईन काढून फ्रिजवर चिकटवली. सहा महिने मिळाले होते, हे पाच महिन्यांत परत. नात तेव्हा अकरा महिन्यांची होती, पहिलं पाऊल आईच्या समोर टाकलं तिने.

एक नवीन, सप्टेंबर २०२५ पासून इंटरव्ह्यूतून मिळणारी सूट खूप कमी केलीय, ७९ च्या पुढच्यांनाही सरसकट राहिली नाही, तेव्हा घरात कोणाचं रिन्युअल असेल तर जुन्या आठवणीवर विसंबू नका.

आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा डॅलसला आहे, ते परवा सगळे कागद पिशवीत घालून आले, म्हणाले दोघांचं भरून टाक. त्यांना रविवारी बोलावलंय, येताना काकूंना घेऊन या म्हटलंय, काकूंचा फॉर्म काकूंनाच विचारून भरणार आहे.