हेलिओस ४४-२ आणि सोनी झाइस ५५ एफ १.८: आठ महिने आलटून पालटून वापरल्यावर

दोन्ही लेन्सना ४९ मिमीचाच फिल्टर बसतो, दोन्ही अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जातात आणि फोकल लेंग्थमध्ये फरक जेमतेम तीन मिमीचा. त्यामुळे एकाच फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) सोनी बॉडीवर लावून त्यांची तुलना सरळ करता येते. साम्य मात्र इथेच संपतं. हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ २ लेन्स म्हणजे जर्मनीतल्या येनाच्या झाइस बायोटार या लेन्सचं सोव्हिएत रूप: चार गटांत सहा भिंगं, अॅपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) आठ पाकळ्या, सगळं काम हाताने. सोनीची ५५ मिमी २०१३ सालची: पाच गटांत सात भिंगं, त्यांतली तीन अॅस्फेरिकल (पृष्ठभाग गोलीय नसलेली), ऑटोफोकस, वजन २८१ ग्रॅम. किमतीत कित्येक पटींचा फरक.

एफ ५.६ ते ८ ला दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर मधल्या भागात कोणता कुठला हे ओळखणं अवघड जातं. कडांना सोनी पुढे आहे, पण मोठी प्रिंट काढल्याशिवाय ते जाणवत नाही. फरक कळतो तो पूर्ण उघड्या अॅपर्चरला. एफ २ ला हेलिओसच्या मध्यात बारकावे असतात, पण त्यांच्यावर एक हलकी धुरकट साय असते आणि कोपरे विरघळून जातात. एफ २.८ ला साय निघून जाते. सोनी एफ १.८ लाच कडेपर्यंत कामाची. जास्तीचा पैसा जातो तो अॅपर्चरच्या या पहिल्या दोन पायऱ्यांसाठी (स्टॉप), आणि समोरून येणाऱ्या उजेडासाठी.

समोरचा उजेड ही हेलिओसची खरी दुखरी जागा. ४४-२ च्या बहुतेक प्रतींवर भिंगांवरची चकाकी कमी करणारं कोटिंग एकाच थराचं असतं. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर असला तरी सावल्या राखाडी पडतात आणि रंग पातळ होतात. ४९ मिमी आट्यांचा खोल हूड (बाजूचा उजेड अडवणारी टोपी) लावला की निम्मा त्रास कमी होतो, म्हणून हूड हा खर्चातच धरावा. उरलेल्या त्रासातला बराचसा अॅडॉप्टरमुळे, म्हणजे हेलिओस सोनीला जोडणाऱ्या कडीमुळे असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर हेलिओसच्या एम४२ माउंटचं ४५.४६ मिमी, सोनीच्या ई माउंटचं १८ मिमी, म्हणजे मध्ये साडेसत्तावीस मिमीची पोकळ नळी. ती आतून चकाकत असेल तर उजेड तिच्यात आपटून सेन्सरवर सांडतो. आतून काळा मखमली चिकटकागद लावा, फरक पहिल्याच फोटोत दिसेल.

अॅडॉप्टरची दुसरी खोड: बरेचसे किंचित आखूड बनवलेले असतात. मग फोकस अनंताच्याही पुढे जातो आणि रिंग टोकाला टेकवून काढलेले डोंगर मऊ येतात. रिंगवरच्या खुणेवर विसंबू नका, प्रतिमा मोठी करून पाहा. याउलट फोकस अनंतापर्यंत पोचतच नसेल, तर फोकस रिंगचे तीन बारीक स्क्रू सैल करून, लांबच्या वस्तूवर नेमका फोकस लावून, रिंग खुणेवर फिरवून पुन्हा आवळता येतात. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर हा उपाय चालत नाही. तिथलं अंतर ४६.५ मिमी असल्याने मध्ये सुधारक भिंग घालावं लागतं, आणि ते प्रतिमा बिघडवतं.

अॅपर्चरच्या दोन रिंगा सुरुवातीला गोंधळात टाकतात. पुढची टकटक वाजत आकड्यावर थांबते, ती हव्या त्या आकड्यावर, समजा ५.६ वर, ठेवायची. मागची गुळगुळीत रिंग पूर्ण उघडून फोकस करायचा, मग ती अडेपर्यंत बंद करून शटर दाबायचं. पुढची १६ वर ठेवली तर मागच्या रिंगने अॅपर्चर टकटक न करता फिरतं, व्हिडिओसाठी फार सोयीचं. कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू देणारी सेटिंग आधी सुरू करा आणि स्थिरीकरणासाठी (हाताची थरथर सावरण्यासाठी) फोकल लेंग्थ हाताने भरा, ५८ च्या सर्वांत जवळचा आकडा. एक मीटरवर एफ २ ला स्पष्ट पट्टा सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे पीकिंगचे, म्हणजे फोकसमधल्या कडा दाखवणारे, रंगीत ठिपके पुरत नाहीत. समोरच्या माणसाच्या डोळ्यापाशी प्रतिमा मोठी करूनच फोकस लावावा. धावती मुलं, समारंभ, रंगमंच इथे सोनीच, त्यात वादच नाही.

मग हेलिओस ठेवायची कशाला? पार्श्वभूमीसाठी. माणूस दीड-दोन मीटरवर, मागे पाच ते दहा मीटरवर उन्हाचे कवडसे पडलेली झाडी, एफ २: पानं माणसाभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. कडेच्या प्रकाशवर्तुळांचा आकार लेन्सच्या नळीने कापला जाऊन बदामासारखा होतो, आणि त्यात कडेची न सुधारलेली दृष्टिवैषम्यता (ठिपका एका दिशेने ताणला जाण्याचा दोष) भर घालते. एफ ४ ला ते संपतं, आणि फुल फ्रेमपेक्षा लहान एपीएस-सी सेन्सरवर कडाच कापल्या गेल्याने निम्मंच उरतं. सोनीच्या पार्श्वभूमीतल्या उजेडाच्या ठिपक्यांत मात्र कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसतात, अॅस्फेरिकल भिंगांमुळे. हेलिओसची सगळी भिंगं गोलीय, त्यामुळे तिचे ठिपके आतून स्वच्छ. एवढ्या एका बाबतीत स्वस्त लेन्स निर्विवाद सरस आहे.

घेताना मागून तिरपा टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, घेऊ नका. धूळ आणि दोनचार बुडबुडे चालतील. पाकळ्यांवरचं तेल ४४-२ मध्ये फारसं नडत नाही, कारण त्या हाताने फिरतात. हेलिओसच्याच ४४एम मालिकेत मात्र त्या स्प्रिंगवर बंद होतात आणि तेलाने अडकतात. ४४एम-४ घेणार असाल तर लेन्सच्या मागची पिन दाबणारा अॅडॉप्टर लागेल, नाहीतर अॅपर्चर कायम उघडं राहील. फोकस रिंग जड असेल तर जुनं ग्रीस सुकलंय, ते काढून नवीन भरावं लागतं. शेवटी एफ २ ला दूरच्या सपाट भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे पाहा: चारही सारखे मऊ असतील तर लेन्स ठीक, एकच जास्त मऊ असेल तर भिंग सरकलेलं आहे, दुसरी प्रत मागा.