अण्णा परदेशी गेलेच नव्हते

आडनाव सारखं आहे एवढ्यावरून कुणी परदेशातून ‘आपण भाऊबंद, तुमची हरवलेली शाखा सापडली’ असा निरोप पाठवला, तर उत्तर देण्याआधी हे वाचा. आमच्या काकांचे पैसे यात गेले. परत मिळालेले नाहीत आणि मिळतील असं वाटतही नाही. पण सगळे कागद पुढ्यात घेऊन बसल्यावर हा डाव कसा रचला होता ते दिसलं. ज्या ‘आडनाव मंडळा’ने हे केलं, त्याची पत्रं इतर आडनावांच्या लोकांनाही जातात. मजकूर तोच असतो, मधलं आडनाव तेवढं बदलतं.

सुरुवातीला कुणी एक पैसा मागितला नाही. एका बाईंचा निरोप आला. आपलंच आडनाव, परदेशात जन्मलेली तिसरी पिढी, मुळं शोधतेय वगैरे. निवृत्तीनंतर काकांनी वंशावळीचं वेड घेतलेलंच होतं, त्यामुळे त्यांना तर हे घरबसल्या घबाड वाटलं. बाई फार गोड बोलायच्या. ‘काका, तुमचा आवाज ऐकला की मला माझे आजोबा आठवतात,’ असं त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं. मग एक तक्ता भरायला पाठवला. त्यात पाच पिढ्यांची नावं, जन्मसालं, बायकांची माहेरची आडनावं, कोण कुठे स्थायिक, आणि जुने फोटो. काकांनी तो रात्री जागून भरला. शिवाय माझ्या चुलत बहिणीने काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर आमची वंशावळ टाकली होती, तिचा दुवाही दिला.

पुढे ‘संशोधन अहवाल’ आला, फी भरल्यावर. त्यानंतर मंडळाचं आजीव सदस्यत्व, डीएनए चाचणी, जागतिक कुलवृत्तांताची छापील प्रत. अहवाल पाहून घरातले शंकेखोरही गप्प झाले, कारण त्यातल्या आमच्या नावांत काहीही चुकीचं नव्हतं. पणजीचं माहेर बरोबर, आत्याच्या लग्नाचं साल बरोबर. ‘एवढं सगळं त्यांना कसं कळलं?’ असं जो तो म्हणत होता. कळलं कसं, तर आम्हीच सांगितलं होतं! आमचा तक्ता आमच्याच हातात परत आला होता, फक्त वर शिक्का होता आणि कडेला नक्षी.

हे उघडं पडलं ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे पणजोबांचे धाकटे भाऊ. घरात अण्णा, कागदोपत्री नाव वेगळं. बहिणीने इंटरनेटवरच्या वंशावळीत दोन्ही नावं दोन वेगळ्या चौकटींत टाकली होती, म्हणजे एका माणसाचे दोन भाऊ झाले होते. मंडळाच्या अहवालातही ते दोघे जसेच्या तसे. कागदोपत्री नावाचे घरीच राहिले, संसार केला, म्हातारे होऊन गेले. दुसरे, म्हणजे निव्वळ ‘अण्णा’, तरुणपणी बोटीत बसून परदेशी गेले आणि त्यांचा वंश आता तीन देशांत पसरला आहे. आमच्याशी गोड बोलणाऱ्या बाई त्यांची पणती. जो माणूस वेगळा असा कधी जन्मलाच नाही, त्याची पणती काकांना सणावाराला फोन करत होती. ‘परदेशातल्या अभिलेखागारातून मिळवलेल्या’ नोंदीत बहिणीचीच चूक यावी, याचा दुसरा अर्थ लागत नाही.

मी बाईंना विचारलं, की अण्णा गेले म्हणता त्या बोटीच्या प्रवाशांच्या यादीत तर आमचं आडनावच नाही, भलतंच काहीतरी आहे. त्यांचं उत्तर तयार होतं: बंदरावरच्या कारकुनाला उच्चार कळला नाही, त्याने ऐकू आलं तसं लिहिलं. हे उत्तर इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतं की लोकांना ते खरंच वाटतं. अशा कथा सगळ्यात जास्त न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडच्या सांगतात. तिथे 1892 ते 1954 या काळात सुमारे 1 कोटी 20 लाख लोक उतरले. पण प्रवाशांच्या याद्या तिथे तयार होतच नसत. जहाज कंपनीची माणसं निघण्याच्या बंदरावर त्या भरत, आणि उतरल्यावर अधिकारी तीच यादी समोर धरून प्रश्न विचारत. अनेकांची नावं बदलली हे खरं, पण बहुतेकांनी ती नंतर स्वतःच, कामाच्या किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोयीने बदलली. त्या याद्या आज इंटरनेटवर फुकट शोधता येतात. फॅमिलीसर्चसारख्या संकेतस्थळावर जगभरच्या नोंदी पैसे न देता पाहता येतात. मी बाईंकडे यादीचं पान, जहाजाचं नाव आणि तारीख मागितली. तेव्हापासून त्यांचे फोन कमी झाले.

डीएनएचं प्रकरण तर आणखी गंमतशीर. घरी एक नळी आली, काकांनी थुंकी भरून परत पाठवली, आणि उत्तर आलं एका पानाचं: ‘सहाव्या पिढीतील चुलत नातं सिद्ध.’ खऱ्या चाचणीत दोघांमध्ये किती सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं एकक) डीएनए सामाईक आहे, किती तुकड्यांत आहे, ते आकड्यांत देतात. शिवाय एकाच आकड्यात बसणारी तीन-चार नाती निघू शकतात, म्हणून नातं अंदाजानेच सांगतात. सख्ख्या चुलत भावंडांत साधारण 12.5 टक्के डीएनए सामाईक असतो. खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांत तो सरासरी एक टक्क्याहूनही कमी, आणि दहातल्या एखाद्या जोडीत तर चाचणीला दिसेल असं काहीच सापडत नाही. त्याच्याही एक पिढी मागे गेलं तर जवळपास निम्म्या जोड्या कोऱ्या निघतात. मग सहाव्या पिढीचं नातं ‘सिद्ध’ कसं होणार? बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा लांबवर मागे नेता येतो, पण दोघांचा पुरुष-पूर्वज कधीतरी एक होता एवढंच तो सांगतो. तो कोण आणि कोणत्या साली, हे त्यात लिहिलेलं नसतं. आमची नळी कुठल्या प्रयोगशाळेत पोचली की थेट कचऱ्यात गेली, देव जाणे.

कुलवृत्तांताबद्दल फार लिहीत नाही. जाडजूड पुस्तक, आत आडनावांचा सर्वसाधारण इतिहास आणि जगभरातल्या त्या आडनावाच्या लोकांची नावं-पत्ते. टेलिफोन डिरेक्टरीला पुठ्ठा घातला तर जे होईल ते. सोबत ‘आपल्या कुळाचं राजचिन्ह’ही आलं. लंडनची कॉलेज ऑफ आर्म्स ही अशी चिन्हं देणारी, 1484 पासून चालत आलेली संस्था स्पष्ट सांगते, की असं चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. आणि आडनाव सारखं म्हणून नातं, हा पायाच कच्चा आहे. स्मिथ काय, पाटील-कुलकर्णी काय, धंद्यावरून किंवा हुद्द्यावरून पडलेली आडनावं शेकडो ठिकाणी आपापली उगवतात. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे 1,024 पूर्वज होतात, त्यातली आडनावाची रांग एकच.

शेवटचा घाव वारशाचा होता. त्याच आडनावाचे एक निपुत्रिक गृहस्थ परदेशात वारले, त्यांची ठेव बँकेत पडून आहे, ‘कुळातल्या’ सदस्यांना वाटा मिळेल. मात्र आधी कागदपत्रांचा खर्च भरा आणि बाहेर वाच्यता करू नका. हा डाव शंभर वर्षं जुना आहे. ऑस्कर हार्टझेल नावाच्या अमेरिकन माणसाने सर फ्रान्सिस ड्रेक या सोळाव्या शतकातल्या इंग्रज दर्यावर्दीच्या इस्टेटीचा वारस सापडल्याचं सांगून हजारो लोकांकडून वर्षानुवर्षं पैसे उकळले. सुरुवातीला त्यात ड्रेक आडनावाचेच लोक ओढले गेले, नंतर इतरही. ड्रेक मेला होता 1596 मध्ये, मूलबाळ नसताना! पैसे देणाऱ्यांना हार्टझेलनेही गुप्ततेच्या शपथा घातल्या होत्या. 1933 मध्ये त्याला शिक्षा झाली, आणि फसलेल्यांतल्याच कित्येकांनी त्याच्या बचावासाठी वर्गणी काढली. हे वाचल्यावर मला काकांचा राग येईना, कारण तेही बाईंची बाजू घेऊन माझ्याशी भांडले होते. खरा वारसा असेल तर मृताचं पूर्ण नाव, मृत्यूचा दाखला, कोर्टातला प्रकरण क्रमांक मागा. इंग्लंडमध्ये बेवारस इस्टेटींची यादी 2025 पर्यंत सरकारच प्रसिद्ध करत असे, ती कुणालाही फुकट पाहता यायची.

पैशापेक्षा मला धास्ती आहे ती त्या भरलेल्या तक्त्याची. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख, बँका ओळख पटवायला हेच विचारतात, आणि ते आम्ही पाच पिढ्यांचं लिहून दिलं. यात नातेवाईकही अडकतात. 2023 मध्ये एका मोठ्या अमेरिकन डीएनए कंपनीची सुमारे 14,000 खाती फोडली गेली, पण ‘नातेवाईक दाखवा’ या सोयीमुळे माहिती गेली जवळपास 69 लाख लोकांची. आम्ही आता सगळ्यांचे सुरक्षा प्रश्न बदलले, इंटरनेटवरच्या वंशावळीतून हयात माणसं काढली, सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. ज्या चुलत-मावस भावंडांची नावं तक्त्यात होती, त्यांना एकेकाला फोन करून सांगावं लागलं. त्यातल्या दोघांना बाईंचा निरोप आधीच गेला होता.

अण्णा मात्र आवरत नाहीत. आमच्या वंशावळीतून दुसरी चौकट काढली, तोवर अनोळखी लोकांनी अहवालातली शाखा आपापल्या वंशावळींत उतरवून घेतली होती, बायको-मुलांसकट. हे नवीन नाही. गुस्ताव अँजू नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना खोट्या वंशावळी विकल्या, त्यातल्या बनावट कड्या आजही लोक उतरवून घेतात. अशा एका गृहस्थांना मी पुरावा मागितला. त्यांनी आमच्याच बहिणीच्या जुन्या वंशावळीचा दुवा पाठवला.