पर्वरीतलं काउन्सेलिंग सेंटर, मनापासून सांगते, नक्की जा

बाबा गेल्यापासून माझी झोपच उडालेली, म्हणून पर्वरीतल्या या सेंटरला जायला लागले आणि आता कोणी विचारलं तर डोळे झाकून इथलाच पत्ता देते. पहिल्याच दिवशी मॅडमनी स्वतःहून सांगितलं की मी काउन्सेलर आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही, त्याला आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं, औषधं मी देत नाही, गरज वाटली तर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवीन. इथलं बोलणं इथंच राहील, पण जिवाला धोका दिसला तर घरच्यांना कळवावं लागेल, हेही आधीच. एवढं स्पष्ट कोण सांगतं हो?

मला सगळ्यात भावलं ते त्यांचं ऐकणं. बाबांच्या हॉस्पिटलमधल्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलताना मी मध्येच थांबले, आपल्याकडे अशा वेळी लगेच कोणीतरी "जाऊ दे गं, झालं ते झालं" म्हणतं, या काही बोलल्याच नाहीत, नुसता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि बसून राहिल्या, आणि मग जे घरात कोणालाच सांगितलं नव्हतं ते आपोआप बाहेर आलं. एकदा विचारलं तर म्हणाल्या, हे एमएला शिकले. दोघं-दोघं बसायचं, एक क्लायंट एक काउन्सेलर, आणि त्याचं रेकॉर्डिंग अख्ख्या वर्गाने ऐकायचं. कुठे घाईने सल्ला दिला, कुठे समोरच्याचं वाक्य तोडलं, सगळं कानावर येतं. सेशन रेकॉर्ड करून शिकवायची ही पद्धत अमेरिकेत कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात रुळवली म्हणे. अजूनही त्या स्वतः सिनियरकडे सुपरव्हिजनला जातात, माझी केस नाव न घेता मांडतात, तेही मला विचारून.

आणखी एक, गोवा केवढासा, सगळे सगळ्यांना ओळखतात. त्या म्हणाल्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिसलात तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही हसलात तर मी हसेन. मला तर तेव्हाच हायसं वाटलं.

पार्किंगचे हाल आहेत आणि संध्याकाळच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, फोन करूनच जा. मराठी, कोंकणी दोन्ही चालतं. फी परवडत नसेल तर बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, 24 तास.