पी५३ की एमएमआर: पैसे एकाच तपासणीचे असतील तर?

दारव्ह्याकडच्या एका पुतण्याचा प्रश्न. काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, दुसरी स्टेज, ऑपरेशन झालेलं. गाठीत पी५३ (पेशींची बेसुमार वाढ आवरणारं प्रथिन) तपासायचं की एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं)? परवडते एकच.

दोन्ही तपासण्या नागपूरला ठेवलेल्या ब्लॉकवरच (काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) होतात, काकांना पुन्हा न्यायला नको. पी५३ स्वस्त, कारण एकच प्रथिन रंगवायचं. एमएमआरला सहसा चार.

पण उपयोग पाहा. पी५३ जनुक सुमारे निम्म्या गाठींत बिघडलेलं असतं, आजार उलटेल का याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत, आणि केमो त्यावर ठरत नाही. एमएमआरचं प्रथिन गायब असेल तर दुसऱ्या स्टेजला आजार उलटण्याचा धोका कमी, आणि नुसत्या फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा फायदा सहसा नाही. ऐन सोयाबीन काढणीत केमोच्या चकरा वाचू शकतात! घराण्यातल्या लिंच सिंड्रोमचा (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) सुगावाही इथेच लागतो, म्हणजे तुमच्याही कामाचं.

काकांसाठी एमएमआरच करा. पी५३ संशोधकांच्या कामाची.